आभारांची यादी

ख्रिस्तभक्तीची हेवी मेटल गाणी गाणारा तानेली इल्मोबरोबरचा वीस वर्षांचा बँड मोडून गेला आणि जाताना येशूचं नाव घेत त्याच्या आठ चाली ढापून गेला. आज त्याचा एकट्याचा पहिला अल्बम ओउलू शहरातल्या दुकानात आला. इल्मोची बायको सायमी कॉफी पिता पिता त्याला कव्हरवरची आभारांची यादी वाचून दाखवू लागली.

"येशू, आई, पास्टर, वाफ घ्यायची सौना तापवून देणारा शेजारी. कुत्र्याचंसुद्धा नाव घातलंय मेल्यानं."

"माझं नसेलच. लिहिताना हात झडले असते त्या चोराचे."

"आहे की. सगळ्यात खाली, ठळक अक्षरात." सायमीनं कॉफीचा कप खाली ठेवला.

"वाच ना."



"'आणि इल्मो, तुला मी मनापासून माफ केलंय.'"