लेलंड सांगायचा ते

पीस पडलं आणि ढोल थांबला.

क्लिफर्डच्या पाठीवरचं गरुडाचं पीस होतं. नाचता नाचता सुटलं आणि रिंगणातल्या गवतावर पडलं. नाचणारे जागच्या जागी उभे राहिले. अमेरिकेतल्या लाकोटा आदिवासींत पडलेलं पीस म्हणजे पडलेला योद्धा. युद्ध पाहिलेल्या माणसाखेरीज त्याला कोणी हात लावत नाही.

“कॅमेरे खाली,” मेळ्याचा निवेदक मायरन माइकवरून म्हणाला. “हो, तुमचाही, टोपीवाले पाहुणे. सैनिक मंडळी, ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी पुढे या.”

तिघं पुढे आले. चार दिशांचे चार लागतात. चौथा लेलंड ग्रे हॉक असायचा. त्याला जाऊन वर्ष झालं होतं. आजचा मेळाही त्याच्याच आठवणीचा होता.

तिघांतला थोरला डेल्बर्ट थेट खाण्याच्या टपरीकडे गेला. तिथे लेलंडची मुलगी मार्लिस पाव तळत होती.

“चल.”

“डेल्बर्टकाका, इराकमध्ये मी फक्त ट्रक चालवला.”

“ट्रकवर गोळ्या झाडल्या का कोणी?”

“झाडल्या.”

“मग त्या काय पेपरमिंटच्या होत्या? हाताचं पीठ पूस. बापाची जागा रिकामी आहे.”

मार्लिसने गॅस बंद केला.

तिच्या बापाने उभा जन्म गावच्या शाळेच्या फरशा पुसल्या. दर उन्हाळ्यात लांबलांबच्या राज्यांतून पिकल्या केसांची माणसं त्याला शोधत यायची. हातात पोचा घेतलेल्या लेलंडसमोर ती ताठ उभी राहायची आणि ‘सार्जंट’ म्हणायची. त्यांतल्या एकाने मार्लिसला सांगितलं होतं, “तुकडीचा नायक मध्ये चालतो, पोरी. व्हिएतनाममध्ये पहिला महिना सोडला, तर तुझा बाप सगळ्यांच्या पुढे चालला. सुरुंग असलाच तर आधी त्याच्या पायाखाली यायचा. आम्ही घरी परतलो ते त्यामुळे.” लेलंड मागून ओरडला होता, “त्याला भूक लागली की तो असाच गोड बोलतो. वाढ त्याला.”

चौघं चार दिशांनी पिसाभोवती नाचले. ढोल अगदी हळू वाजत होता. मग डेल्बर्टने मार्लिसकडे पाहून मान हलवली. तिने वाकून पीस उचललं.

जो पीस उचलतो, तो युद्धातली आपली एक खरी गोष्ट सर्वांसमोर सांगतो. लेलंड दरवेळी एकच गोष्ट सांगायचा, तीही लाकोटात. शाळेत ही भाषा बोलल्याबद्दल त्याच्या पिढीने मार खाल्ला होता. त्या पिढीने ती मुलांना शिकवली नाही. मार्लिसला त्यातलं अक्षरही कळत नसे. पण चारच वाक्यं होती आणि लहानपणापासून ऐकून ती तिला पाठ होती. चौथं वाक्य संपलं की पुढच्या रांगेतून व्हर्ना आजी जीभ हलवून ‘लिलिली’ असा उंच आवाज द्यायची. पराक्रमी माणसाला बायका देतात तो मान. मग रिंगणाभोवतालच्या साऱ्या बायका तिच्यात आवाज मिसळायच्या. पुढची रांग युद्धात मुलगा गमावलेल्या आयांची होती. व्हर्नाचा रसेल लेलंडच्याच तुकडीत होता.

कसली गोष्ट आहे, असं मार्लिसने बापाला विचारलं होतं. “जुनी आहे,” एवढंच तो म्हणाला होता.

आपल्याजवळ सांगण्यासारखं काही नाही, असं मार्लिसला वाटत होतं. बापाचा पराक्रम तरी आज एकदा घुमावा. एक अक्षरही चुकू नये, एवढीच तिला धास्ती होती. ती चुकली, तर ते शब्द बापाबरोबरच संपले असते. तिने माइक घेतला आणि चारही वाक्यं त्याच्याच चढउतारांत म्हटली.

कोणी आवाज दिला नाही.

तरण्या बायकांनी सवयीने व्हर्नाकडे पाहिलं. व्हर्ना मांडीवरच्या हातांकडे बघत होती. मायरनने घाईघाईने ढोलवाल्यांना खूण केली. क्लिफर्डने पीस परत घेतलं आणि रिवाजाप्रमाणे मार्लिसच्या खांद्यांवर घोंगडी घातली. नाच पुन्हा सुरू झाला.

मार्लिस घोंगडीसकट पुढच्या रांगेपाशी जाऊन गवतावर बसली.

“आजी, माझं कुठे चुकलं?”

“कुठेच नाही. अगदी त्याच्यासारखं म्हणालीस.”

“मग?”

व्हर्नाने तिच्याकडे नीट पाहिलं. “अर्थ माहीत नाही तुला?”

“नाही.”

“कोणीच सांगितला नाही?”

“ज्यांना विचारलं, ते म्हणाले, बापाला विचार.”

व्हर्ना एकेका वाक्यापाशी थांबत अर्थ सांगू लागली.

“‘ओढ्यात पहिलं पाऊल मी टाकायला हवं होतं. मी रसेलला पाठवलं. त्याची आई इथे बसली आहे. तिने हे ऐकावं.’”

मार्लिसच्या हातातून घोंगडीचं टोक सुटलं. “सगळ्यांसमोर? दरवेळी?”

“पीस पडेल त्या प्रत्येक वेळी.”

“आणि त्यावर तुम्ही त्याला मान द्यायचात?”

“मान बाकीच्या द्यायच्या,” व्हर्ना म्हणाली. “तो म्हणायचा, तिने ऐकावं. मग मी ऐकलं, हे त्याला कळायला नको?”

“आणि आज?”

“आज कोणाला कळवू?”