जादूच्या दुकानातली घासाघीस

"आई, अंगठी पाचशे मोहरांची आहे. तुमच्याकडे तीनशेच आहेत," सून म्हणाली.

आमचा रविवारचा खेळ सगळा बोलण्यावर आणि फाशांवर चालतो. त्यात सून जादूच्या वस्तूंची दुकानदारीण होती आणि मी म्हातारी चेटकीण. माझ्या नातीची, शाल्मलीची, योद्धी शापाने दगड झाली होती. शाप उतरवणारी ही अंगठी मिळाली नाही, तर ती खेळातून कायमची बाद होणार होती.

"तीनशे मोहरा घे, आणि वर हे मेलेल्या राक्षसांचे झगे," मी म्हणाले.

"जुने कपडे?"

"जुने असले तरी काठ बघ की!"

सांगलीला दारात बोहारीण बसायची, तेव्हा जुन्या साड्यांवर पातेलं घेताना मी असंच बोलायचे. ती अडून बसली की उठून आत जायचं. मग ती हाक मारायचीच.

सून बधेना. "राहू दे मग. मी निघाले," मी म्हणाले.

शाल्मली कुजबुजली, "आजी, निघालीस म्हणजे निघालीस. इथे कुणी परत बोलवत नाही."



"अहो बाई, या इकडे," सून अखेर म्हणाली. "देते अंगठी. पण तुमच्या अंगावरचा झगाही टाका."

बोहारीणही शेवटी एक कपडा वर मागायचीच. पण या झग्यामुळेच मला आगीची झळ लागत नव्हती, आणि पुढच्या दारामागे ड्रॅगन होता.

मी झगा काढून दिला आणि अंगठी शाल्मलीच्या योद्धीच्या दगडी बोटात घातली.

"मी हलले, आजी!" शाल्मली ओरडली. "आता तू माझ्या मागे राहा."