नानांच्या काठीवर

घोडेगावच्या पेठेतून परण्या, म्हणजे लग्नाआधीची नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या दर्शनाला निघाला. मागं घोड्यावर नवरदेव, त्याच्या पुढं नाचणारी वऱ्हाडी मंडळी, त्यांच्याही पुढं कमरेला संबळ बांधलेले बन्सीनाना आणि नानांच्या तोंडासमोर स्पीकर लादलेला बँडमालक कल्याणचा टेम्पो. टेम्पोच्या फाळक्यावर मागं तोंड करून निकिता बसली होती. मांडीवर जेवणाच्या डब्याएवढा सिंथ, विजेवर सूर काढणारं वाद्य. बँडपार्टीतल्या लोकांनी त्याचं नाव पेटी ठेवलं होतं आणि आज ती पेटी पहिल्यांदाच वरातीत वाजत होती. निकिताच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

तीन पट्ट्या दाबून धरल्या की पेटी त्यांचे सूर एकामागून एक सोडायची, खाली-वर, खाली-वर, दमायचं नाव नाही. त्याखाली निकितानं आदल्या दिवशी भरून ठेवलेला ठेका आपोआप फिरत राहायचा. पार्टी कल्याणची. मारुतीपर्यंत जमलं तर या लग्नसराईला तुझी जागा पक्की, नाहीतर पुन्हा पेनड्राइव्हवरची गाणी, असं त्यानं निघतानाच सांगून टाकलं होतं. आठवडाभर नागापूरच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्या निकिताला ती जागा किती हवी होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

आणि नाना रंगात आले. नाना रंगात आले की चाल चढते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पेटीला तेवढं माहीत नव्हतं. निकितानं तिला एक वेग नेमून दिला होता आणि ती बिचारी इमानेइतबारे त्याच वेगानं चालली होती. नाना पुढं, पेटी मागं. पाय कुणाच्या ठेक्यावर टाकावा हे कुणाला कळेना. नवरदेवाचा मामा करवलीच्या पायावर पाय देऊन मोकळा झाला. शेवटी नानांनी संबळाची काठी वर धरली. सगळी वरात जागच्या जागी थांबली, पेटी मात्र आपली वाजतच राहिली. निकितानं घाईघाईनं तिचं बटण दाबलं. लाजेनं तिचे कान तापले होते.

"निके, मारुतीम्होरं चाल उतरवावी लागती," नाना म्हणाले, "नवरदेव पाया पडंस्तवर. हिला ना चढता येत, ना उतरता. ऱ्हाऊ दे ती."

कल्याण केबिनमध्ये पेनड्राइव्ह शोधायला लागला.

निकिताच्या पिशवीत एक चकती होती. मोडक्या बझरमधली, पातळ, पितळेची, तिला माइकची लांब वायर जोडलेली. चकतीच्या शेजारी ठोका पडला की पेटीला तो कळतो आणि पेटी एकच पाऊल पुढं टाकते, पुढचा एकच सूर सोडते, हे तिनं घरी पातेल्यावर वाजवून पाहिलं होतं. पण पातेलं वेगळं आणि नानांचं संबळ वेगळं. हळदकुंकू वाहिल्याशिवाय नाना ते खुंटीवरून काढत नसत आणि पायात चप्पल असलेल्या माणसाला जवळही येऊ देत नसत. सख्ख्या जावयाला त्यांनी त्यावरून चारचौघांत झापलं होतं. म्हणून तर तिनं ही गोष्ट आजवर तोंडातून काढली नव्हती.

तिनं चपला टेम्पोतच सोडल्या आणि चकती घेऊन खाली उडी मारली. डांबर तव्यासारखं तापलं होतं. तिनं आधी संबळाच्या पाया पडून घेतलं, मग नानांच्या.

"नाना, एवढी टिकली लावू द्या. मग पेटी माझं ऐकणार न्हाई. तुमचं ऐकंल."

नानांनी तिच्या पायांकडं पाहिलं. ती या पायावरून त्या पायावर होत होती, पण मागं सरत नव्हती.

"लाव बिगीनं," ते म्हणाले. "पाय भाजत्यात."

तिनं संबळाच्या कडेला चिकटपट्टीनं चकती लावली, वायर टेम्पोत ओढून पेटीला खोचली, पेटीचा स्वतःचा वेग बंद केला आणि तीन पट्ट्या दाबून धरल्या. काहीच वाजेना. कल्याण केबिनमधून मान काढून बघत होता.

नानांनी एक ठोका दिला. एक सूर वाजला.

त्यांनी आणखी दोन दिले. दोन सूर. बाजारात बैलाचे दात तपासावेत तसे ते पेटीकडं निरखून बघायला लागले. मग त्यांनी दोन्ही काठ्या संबळावर मोकळ्या सोडल्या. सूर धावायला लागले, ठेका त्यांच्याबरोबर धावायला लागला, नानांनी चाल चढवली तशी पेटी चढली, त्यांनी मधेच लचक दिली तशी तीही लचकली. मामा पुन्हा नाचायला आला. निकिता नुसती पट्ट्या दाबून बसली होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. कल्याणनं पेनड्राइव्ह खिशात टाकून दिला.

मारुतीच्या पाराशी नानांनी चाल उतरवली. सूर एकेक करत, दमानं, त्यांच्या मागं पायऱ्या उतरत आले. नवरदेव घोड्यावरून उतरून देवापुढं वाकला. नानांनी काठी वर धरली आणि पेटी गप्प झाली.

नवरदेव पाया पडून उठला, घोड्यावर बसला. तरी नानांची काठी वरच.

"कुठवर थांबंल गं ही?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमी म्हनाल तवर, नाना."

सगळा परण्या, घोडा, पुजारी, केबिनमधला कल्याण आणि ती पेटी त्यांच्या काठीकडं डोळे लावून उभी होती. नाना काही घाई करत नव्हते.