जोत्याची उंची

“समुद्रापासून किती वर हाये, ते बी सांगती व्हय ही गाडी?” गेणूनं विचारलं.

“सांगते की.” सूरजनं पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं. “हे बघा तात्या. इतके मीटर. वरनं, उपग्रहावरनं कळतं म्हणे.”

सूरज म्हणजे गेणूच्या धाकट्या भावाचा, भिमाजीचा मुलगा. पुण्यात एका साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होता. साहेब मित्रांबरोबर आहुप्याची देवराई बघायला उतरले होते. तीन वाजेपर्यंत मोकळीक होती, म्हणून तो चुलत्याला भेटायला धरणाकाठच्या वाडीवर आला होता. धरणासाठी घर सोडून आईबापाबरोबर निमगाव साव्याला गेला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्यानंतर तो आजच येत होता.

“मग जरा पुढं घे,” गेणू म्हणाला. “तुमच्या घरापाशी.”

“आमच्या? ते तर पाण्यात गेलं ना?”

“तू घे पुढं.”

बैलगाडीच्या वाटेनं गाडी हळूहळू गेली. वाट संपली तिथं गवतात एक दगडी जोतं होतं. वरचे वासे, कौलं कधीच गेलेली. जोतं मात्र जागच्या जागी होतं, कोरडं. दसऱ्याचे दिवस होते, धरण भरलेलं होतं, तरी पाणी दोन वावरं सोडून खाली चमकत होतं. जवळच एक दगड पुरलेला होता. त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, ७२०.

“ही बुडीताची रेघ, सातशे वीस मीटर,” गेणू म्हणाला. “मोठ्या पुराला पाणी हितवर येनार, असं मोजणीवाले सांगायचे. आजून तरी आलं न्हाई. घे, आजून पुढं घे. जोत्याला लाव.”

सूरजनं गाडी जोत्याला अगदी चिकटवून उभी केली.

“आता किती?”

“सातशे एकतीस.”

गेणूनं दगडाकडं पाहिलं, मग पडद्याकडं. पुन्हा दगडाकडं पाहिलं. मग म्हणाला, “म्हंजे घर वरच व्हतं.”

“असंल.”

“असंल न्हाई, व्हतं. मोजणीच्या दिवशी पट्टी माझ्या हातात व्हती, सूरज. त्यांनी गावातला माणूस मागितला, मी गेलो. साहेब लांबनं दुर्बिणीतनं बघायचा, मी पट्टी धरायची. तुमच्या घराशी आलो तवा जोत्यावर ठेवायची व्हती. मी ती न्हाणीच्या खड्ड्यात ठेवली. हातभर खोल. साहेबानं आकडा लिवला आन् घर रेघेच्या खाली गेलं.”

“का?”

“बांधावरनं भिमाचं न् माझं वाजलं व्हतं. सहा म्हैने बोलणं नव्हतं. पन त्या रागानं ठेवली, का वर चढायचा कटाळा केला... लई इचार केला. मलाच उमगत न्हाई आता. हातभरानं काय व्हतंय, घर खालीच असंल, असं म्हणत इतकी वर्षं काढली. आज ही गाडी बोलली.”

सूरजला चुलत्याच्या तोंडाकडं बघवेना. तो पडद्याकडं बघत राहिला. गाडी जागची हलली नव्हती, पण आकडा उतरत होता. सातशे सव्वीस. सातशे एकोणीस. सातशे बारा.

गेणूनंही ते पाहिलं. “हे काय? म्हंजे घर खाली?”

“खाली नाय न् वर बी नाय. ह्याला उंची कळत नाय, तात्या. बंगल्यापुढं उभी असली तरी रोज निराळा आकडा दाखवते. दहा-वीस मीटर इकडंतिकडं व्हतंच. हातभराचं काय कळणार हिला.”

“मग कुनाला इचारू?”

सूरजनं चावी फिरवून गाडी बंद केली.

“आबा दर दसऱ्याला तुमच्याकडं निरोप धाडायचे,” तो बापाबद्दल म्हणाला. “पाणी घराला लागलं का म्हणून.”

“हां.”

“तुमी काय सांगायचा?”

“पयल्या वर्षी सांगितलं, पायरीला लागलं. मग जोत्याला. पुढं म्हणलं, आता दिसत बी न्हाई.” गेणूनं दाराचा खटका चाचपला. “कोरडं हाये म्हणून कंच्या तोंडानं सांगणार व्हतो?”

“म्हणून तर ते कधी आले नाय. बुडालेलं घर बघवणार नाय म्हणायचे.” सूरज समोर पाण्याकडं बघत होता. “जायच्या आधी चार दिवस एकच धोशा लावला व्हता. मला घरी न्या. आई म्हणायची, अवो घरीच हाय की आपण. तर म्हणायचे, हे नव्हं, ते. आई रडायची. तिथं आता पाणी हाये, तिथं कुठं नेऊ तुमाला, म्हणायची.”

गेणू गाडीतनं उतरला आणि दाराला धरून उभा राहिला.

सूरजही उतरला. पायरीपाशी त्यानं बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले आणि अनवाणी जोत्यावर चढला. गवतातून चार पावलं इकडं, चार तिकडं फिरला. काही आठवत नव्हतं.

“आबा कुठं निजायचे?” त्यानं विचारलं.

“दारातनं आत आलं की डाव्या अंगाला,” गेणूनं खालूनच सांगितलं. “भिंतीला लागून.”

सूरज तिथं जाऊन बसला. पाय पसरले. तळहात जमिनीवर ठेवून तसाच बसून राहिला.

गेणू खाली पायरीशी उभा होता. वर या, असं काही सूरज म्हणाला नाही.