तबकडीतलं इंजिन

सारंगखेड्याच्या बन्सीलालचं विहिरीवरचं इंजिन आठ दिवस बंद होतं आणि केळीनं माना टाकल्या होत्या. जीव रमेना, म्हणून त्यानं मळ्यातल्या घरात जावयानं मुंबईहून पाठवलेली यंत्रसंगीताची परदेशी तबकडी पुन्हा लावली.

“हाई काय गाणं शे? गानारा नही, तबला नही!” बायको सरलाबाई म्हणाली.

“एकेक थर ऐक. खाले घुमारा, वर घंटा...”

आणि आज त्या दोहोंच्या मध्ये टुक-टुक. आपलं इंजिन माणूस झोपेतही ओळखतो. हे त्याचंच होतं.

तबकडी संपली. त्यानं सुई उचलली. टुक-टुक चालूच राहिली.

म्हणजे दगा मिस्त्रीनं इंजिन दुरुस्त केलं! तेवढ्यात सरलाबाई मागल्या दारातून ओरडली, “पानी उनं! केळीमा पानी उनं!”

पाणी आलं म्हटल्यावर बन्सीलालचा जीव भांड्यात पडला.

तोच पुढल्या दारानं दगा मिस्त्री आला. इंजिनातून काढलेला पिस्टन त्यानं गोणपाटासकट ओट्यावर ठेवला.

“बन्सीकाका, आजबी बसना नही.”

बन्सीलालनं पाटातल्या वाहत्या पाण्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

“हयू बोल, दगा. इंजिनले समजी जाई.”