आतली कडी

ओमने आईला हौसेने वॉटर पार्कच्या रिसॉर्टवर आणलं, आणि राहीबाई दोन दिवस खोलीचं दार लावून बसली. पार्ककडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. आपलं काहीतरी चुकलं, या धास्तीने ओमने शेवटी दार वाजवलं. कडी निघाली. आईचा चेहरा झोपेने तुकतुकीत झाला होता.

"आई, रुसली का माझ्यावर?"

"खुळा का काय तू? लई उपकार झाले लेका! लगीन होऊन शिंगणापुरात आले, तवापासनं दर्शनाला आलेलं मानूस घरात डोकावून इचारतंय, 'खरंच दार न्हाई का?' दोन दिस कुनी डोकावलं न्हाई बघ."

तिने कडीवरून हात फिरवला.

"तू पान्यात अजून एक चक्कर मारून ये."

आणि कडी पुन्हा लागली.