तीर्थाची कळशी

या, जवळ बसा, आमच्या गल्लीतली एक गोड गोष्ट सांगते.

गोदाक्कांची नात नुकतीच डेंग्यूतून उठलेली. आरोग्यसेविका रेश्माताईंनी घरातलं साठवलेलं पाणी तपासलं, तर देवघरातल्या उघड्या कळशीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

अक्का कळशीला बिलगल्या. "कीर्तनसप्ताहाचं तीर्थ आहे हे! गटारात नाही हं ओतू देणार."

"मीही नाही ओतू देणार, अक्का," रेश्माताई हसल्या. "गटारात अळ्या जगतात. कोरड्या मातीतच ओतायला शिकवलंय आम्हाला. तिथे मरतात त्या."

"म्हणजे तुझं नि माझं शास्त्र एकच की गं!" म्हणत अक्कांनी स्वतःच्या हातांनी तुळशीच्या बुडाशी, सुक्या मातीत कळशी रिकामी केली.

तुळशीला पाणी घालाल तेव्हा आमच्या रेश्माताईंची आठवण ठेवा हो.